भुईबावड्याने उतरावं

कोल्हापूरहून पश्चिमेला साधारण ५५ किलोमीटरवर गगनबावडा लागतं आणि तिथे कोकणात उतरायला एक सोडून दोन वाटा मिळतात. एक रस्ता करूळ घाटाने वैभववाडीला जातो, दुसरा भुईबावडा घाटाने खारेपाटणकडे. ट्रक, ट्रॅव्हल्स आणि गोव्याच्या ओढीने निघालेल्या मोटारी करूळ धरतात. दुचाकीवाल्याने भुईबावड्याने उतरावं.

आडवाटेचे घाट शोधायची माझी रीत साधी आहे. एकाच भागात दोन घाट असतील तर राष्ट्रीय महामार्गाचा क्रमांक ज्याला मिळाला नाही तो निवडायचा. आंबा घाटातून रत्नागिरीचा महामार्ग गेला, म्हणून शेजारचा अणुस्कुरा निवांत राहिला. हा निवांतपणा मात्र उसना असतो. २०२४च्या जानेवारीत रुंदीकरण आणि काँक्रीटसाठी करूळ बंद झाला तेव्हा त्याची वाहतूक भुईबावड्यावर आली, आणि दुचाकीवर एकट्याने उतरायचा हा रस्ता टेम्पोच्या मागे रांगेत उतरायचा झाला. म्हणून निघण्यापूर्वी गगनबावड्याच्या टपरीवर चहा घेता घेता एवढं विचारून घ्यावं, ‘काका, भुईबावडा चालू आहे न्हवं?’ ‘हाय की. दमानं जावा,’ असं उत्तर आलं की झालं. मोबाइलवरच्या नकाशाला दरड कोसळल्याची बातमी उशिरा कळते. दूध आणि मासळीच्या गाडीवाल्याला पहाटेच कळलेली असते.

आज सुन्या वाटणाऱ्या या वाटा एके काळी सुन्या नव्हत्या. खारेपाटण वाघोटणच्या खाडीवरचं जुनं बंदर, आणि खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग. दक्षिण कोकणच्या शिलाहारांची वंशावळ सांगणारा रट्टराजाचा शके ९३० म्हणजे इसवी सन १००८चा ताम्रपट याच खारेपाटणला सापडला. समुद्रातून खाडीत आलेला माल बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर जायचा. उत्तरेकडच्या अणुस्कुऱ्याचा असाच संबंध राजापूरशी. तिथे सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती.

बावड्याची गोष्ट आणखी गमतीची आहे. ही पंत अमात्यांची जहागीर. ‘आज्ञापत्र’ लिहिणारे रामचंद्रपंत अमात्य हे त्या घराण्याचे मूळपुरुष. गडावर येणारी वाट सोपी असू नये, असलीच तर ती मोडून तिच्यावर झाडी वाढवावी, असा सल्ला त्यांनी त्या ग्रंथात दिला आहे. पंतांनी आजचं रुंदीकरण पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं, हा विचार घाटात हमखास डोक्यात येतो.

वाट वळणावळणाची का, याचं उत्तर मात्र गणितात आहे. सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक साचलेले आडवे थर. त्याची कोकणाकडची बाजू पायऱ्यापायऱ्यांनी कड्यासारखी तुटलेली. लादलेला बैल दगडी पायऱ्यांवरून सरळ चढे, बैलगाडीला आणि पुढे मोटारीला ते जमेना. समजा पाचशे मीटर उतरायचं आहे आणि वीस मीटर चालीला एक मीटर एवढाच उतार ठेवायचा आहे. मग दहा किलोमीटर रस्ता लागतो, आणि कडा तर हाताच्या अंतरावर! एवढी लांबी बसवायची तर रस्त्याला त्याच उतारावर पुन्हा पुन्हा उलटं वळवणं भाग. ज्या वळणांवर आपण खूश होतो ती अशी इंजिनियरच्या नाइलाजातून आली आहेत.

आता ते वळण जवळून बघू. उतारावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आणायची ती वळणाच्या अलीकडे, सरळ रस्त्यावर. ब्रेकही तिथेच लावून घ्यायचा. वळणात शिरल्यावर हलकासा थ्रॉटल ठेवला की गाडी बसते. नजर पुढच्या चाकावर ठेवली तर गाडी तिथेच अडखळते. वळण जिथे सुटतं तिथे नजर लावायची. हे बहुतेकांना ठाऊक असतं. कमी लोकांच्या लक्षात येणारी गोष्ट उजव्या वळणाची. आपण डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे उजवीकडे झुकल्यावर चाकं आपल्या पट्ट्यात असली तरी डोकं आणि खांदा मधल्या रेषेच्या पलीकडे गेलेले असतात. समोरून एसटी आली तर चाकं बरोबर जागी असून उपयोग काय? म्हणून आंधळ्या उजव्या वळणावर चाकं रेषेपासून चांगली हातभर डावीकडे ठेवावीत. अरुंद ठिकाणी चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, हा २०१७च्या वाहनचालन नियमांतला नियम आहे. घाटातले जुने चालक तो त्याआधीपासून पाळत आले आहेत.

पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे आजही भेटतात. ही सवय कार्ब्युरेटरच्या काळातली. एप्रिल २०२०पासून बीएस-सिक्स आलं आणि जवळपास सगळ्या मोटरसायकलींना फ्युएल इंजेक्शन मिळालं. त्यात गाडी गिअरमध्ये ठेवून थ्रॉटल सोडला की बहुतेक वेळ पेट्रोल तुटतंच. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते जाळावं लागतं. शिवाय इंजिनाचा रोध गेला की सगळा भार ब्रेकवर येतो. घाटभर पाय दाबून उतरलेल्या ड्रम ब्रेकला खाली पोचेपर्यंत वास येतो आणि ऐनवेळी तो लागत नाही. स्कूटरवाल्यांना गिअरची सोय नाही. त्यांनी थांबत थांबत, ब्रेक थंड होऊ देत उतरावं.

बावडा परिसरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर या वाटेचं नावच काढू नये. दिवाळीच्या सुमारास डांबर सुकतं, कठड्याच्या दगडांवर गवत पिवळं पडू लागतं आणि पाण्याचे शेवटचे ओघळ कड्यावर रेंगाळत असतात. धोके संपत नाहीत, बदलतात. दाट झाडाखालच्या वळणावर ऊन पोचत नाही, तिथे शेवाळ अजून हिरवं असतं. पावसाने वाहून आणलेली बारीक खडी नेमकी वळणाच्या आतल्या अंगाला साचते, म्हणजे जिथून झुकून जायचा मोह होतो तिथेच. घाटाखाली भातकापणी चालू असते. रस्त्यावर पडलेला पेंढा दिसतो मऊ, पण टायरखाली निसरडा. घाट चढून येणारी, मागे मासळीच्या पेट्या बांधलेली एखादी जुनी एम-एटी दिसली तर तिच्या चाकांचा माग बघावा. रोजची वाट तुडवणाऱ्याने खडी कुठे टाळली आहे ते त्यात दिसतं.

आलात त्याच वाटेने परत फिरू नये. खारेपाटणला महामार्गावर येऊन उत्तरेला राजापूर ओलांडावं, ओणीला आत वळून पाचलमार्गे अणुस्कुरा चढावा आणि मलकापूरवरून कोल्हापूर गाठावं. चढताना गाडी पहिल्या-दुसऱ्यात रडते, पण झुकायला भीती कमी वाटते, कारण चढच वेग आवरतो. टाकी सकाळी निघतानाच भरलेली असावी, ट्यूबलेस टायरचं पंक्चर काढायची काडी आणि हातपंप सोबत असावा. घाटमाथ्यावरचा जंगलपट्टा गव्यांचा आहे. ते संध्याकाळी रस्त्यावर येतात, अंधारात त्यांचा काळा रंग हेडलाइटला दाद देत नाही आणि हॉर्नला ते जुमानत नाहीत. पाचलला चार वाजून गेले असतील तर वर चढू नका, खालीच मुक्काम करा.