पात्रतेचा रकाना आधी वाचा

बारावीनंतरच्या प्रवेशाच्या दिवसांत उज्जैनच्या फ्रीगंजातल्या मराठी घरांमध्ये दोन कागद शेजारी-शेजारी ठेवले जातात. एक गावातल्याच विद्यापीठाच्या जागेचा. हे १९५७ साली विक्रम विद्यापीठ म्हणून सुरू झालेलं विद्यापीठ २०२५ पासून सम्राट विक्रमादित्य यांचं नाव लावतं. दुसरा कागद पंचावन्न किलोमीटरवरच्या इंदूरचा, नाहीतर थेट पुण्याचा. मग घरात बोलणं सुरू होतं ते संस्थेचं नाव, फी आणि प्लेसमेंट यांवर. हे मुद्दे काही बिनमहत्त्वाचे नाहीत. पण मुलाला जे काम करायचं आहे, त्याच्या भरतीच्या जाहिरातीत पात्रतेच्या रकान्यात काय छापलेलं असतं, ते पाहण्याची वेळ आपल्याकडे पदवी हातात आल्यावर येते. निवडीची सुरुवात त्या रकान्यापासून व्हायला हवी.

तो रकाना किती निर्दय असतो, हे बी.एड. झालेल्यांना विचारावं. राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेने २०१८ मध्ये प्राथमिक शिक्षकांच्या पदांसाठी बी.एड. चालेल असं ठरवलं. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केलं, कारण लहान मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण वेगळं असतं आणि ते डी.एल.एड.मध्ये मिळतं. वरकरणी मोठी दिसणारी पदवी पहिली ते पाचवीच्या वर्गाबाहेर राहिली आणि लहान दिसणारी पदविका आत गेली. सैन्याच्या सी.डी.एस. परीक्षेतही असंच आहे. भूसेनेच्या अकादमीला कोणतीही पदवी चालते, नौदलाला अभियांत्रिकीचीच लागते, आणि हवाई दलाला इतर पदवी चालते, पण बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असावं लागतं. म्हणजे मुलाच्या मनात या परीक्षेतून नौदल असेल, तर गावातली बी.एस्सी. की पुण्यातली, हा वाद मुळातच गैरलागू आहे.

यावर कुणी म्हणेल की गुणी माणसाला पदवीची काय पत्रास? याच उज्जैनमध्ये राहून लिहिलेल्या गजानन माधव मुक्तिबोधांचं उदाहरण इथे बोलकं आहे. घरची भाषा मराठी, धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतले नामांकित कवी, आणि स्वतः गजानन माधव हिंदी कवितेत अढळ. बी.ए. त्यांनी १९३८ मध्येच इंदूरच्या होळकर कॉलेजातून केलं होतं. त्यानंतरची वीस वर्षं शाळा, वर्तमानपत्रं, आकाशवाणी अशी गेली. १९५०च्या दशकात नागपूर विद्यापीठाची हिंदीतली एम.ए. पदरी पडली, आणि १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापकी मिळाली. कवितेला पदवी लागली नाही. महिन्याच्या पगाराला लागली. प्रतिभेला मान देणं वेगळं आणि तिच्या भरवशावर पात्रतेचा रकाना न वाचणं वेगळं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अठराव्या वर्षी ध्येय ठरलेलंच नसतं, मग जाहिरात तरी कुठली वाचायची? मान्य. पण मग प्रश्न फक्त बदलतो. कोणती पदवी कमीत कमी दारं बंद करते? अनेक एम.सी.ए. प्रवेशांना बारावीला किंवा पदवीला गणित लागतं. ते अकरावीतच सोडणाऱ्याने एक दार नकळत लावून घेतलेलं असतं. मध्य प्रदेशाने २०२१-२२ पासून लागू केलेल्या नव्या रचनेत एका वर्षाला प्रमाणपत्र, दोनाला पदविका, तिसऱ्याला पदवी आणि चौथ्याला ऑनर्स किंवा संशोधनासह पदवी मिळते. चौथं वर्ष नुसतं जास्तीचं नाही. ७५ टक्के गुणांसह ते पूर्ण केलं, तर एम.ए. किंवा एम.एस्सी. न करता नेट देता येते आणि पीएच.डी.ची वाटही खुली होते. ज्याचं अजून ठरलेलं नाही, त्याने ते चौथं वर्ष आपल्या विषयात प्रत्यक्ष कुठे शिकवलं जातं, हे दोन्ही ठिकाणी विचारावं. माहितीपुस्तिकेच्या गुळगुळीत पानांवर त्याचं उत्तर सहसा नसतं.

आणि प्लेसमेंट? तो आकडा खोटा नसतो, फक्त सोयीने निवडलेला असतो. सर्वांत मोठं पॅकेज एका विद्यार्थ्याचं असतं आणि फलकावर तेच झळकतं. राष्ट्रीय क्रमवारीसाठी संस्था जी माहिती देतात, तिच्यात पहिल्या वर्षाला आलेले किती, ठरलेल्या मुदतीत उत्तीर्ण किती, नोकरी किती जणांना, पुढच्या शिक्षणाला किती गेले आणि पगाराचा मध्यक किती, हे सगळं येतं. मध्यक म्हणजे निम्मे ज्याच्या वर आणि निम्मे ज्याच्या खाली, तो पगार. इंदूरची खोली, मेस आणि फी यांची बेरीज याच आकड्यासमोर मांडावी. घरी राहून वाचलेल्या पैशांत एखादी भाषा, स्पर्धा परीक्षेची तयारी किंवा पुढची पदव्युत्तर पदवी बसते का, तेही त्याच वहीत लिहावं.