सारखी दिसणारी दोन फलने

फलन म्हणजे संख्या घेऊन ठरावीक उत्तर देणारा आज्ञांचा गट. समजा, संगणकाच्या एका आज्ञावलीत अशी दोन फलने आहेत. ३.५ दिले की दोन्ही ३ देतात, ७.९ दिले की दोन्ही ७. एकाच कामाला दोन फलने कशाला, असे म्हणून कोणी त्यांचे एक केले. ही दुरुस्ती तपासताना आपण होकार द्यावा का?

आधी ऋण संख्या देऊन पाहू. −३.५ मधील अपूर्णांक पहिले फलन छाटते, उत्तर −३. दुसरे संख्यारेषेवर डावीकडच्या पूर्णांकावर जाते, उत्तर −४.

गरज दोन्हींची असते. साडेतीन रुपये देणे असेल, तर रुपये आणि पैसे वेगळे करताना छाटणीच हवी. तारखेचे मात्र तसे नाही. अनेक संगणकप्रणाली १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून सेकंद मोजतात. त्याच्या तासभर आधीची वेळ म्हणजे −३६०० सेकंद. तिला दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागून छाटले, तर दिवस ० येतो, म्हणजे १ जानेवारी १९७०. खरा दिवस −१, म्हणजे ३१ डिसेंबर १९६९!

तपासणीची सगळी उदाहरणे १९७० नंतरची असतील, तर ही चूक दिसणारच नाही. म्हणून उत्तरे जुळतात का, एवढ्यावर न थांबता दोन्हींचा हेतू एकच आहे का, हेही आपण विचारायला हवे. फळ्यावर संख्यारेषा काढून शून्याच्या डावीकडे काय होते, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.