गाडीचे ब्रेक ओरडू लागले तर

जीप असो वा मोटार, ब्रेकचा आवाज थांबावा म्हणून काही जण त्यावर तेल सोडतात. असे कधीही करू नका. आवाज थांबेल, पण ब्रेकही लागणार नाही! आवाज कशाचा, ते आधी ओळखा.

दवाने किंवा पावसाने चकतीवर गंज धरतो. ती खरखर चार-दोनदा ब्रेक दाबल्यावर जाते, काळजी नको. रोजचा बारीक, कर्कश आवाज मात्र पॅड झिजल्याची खूण असू शकते. लोखंडावर लोखंड घासू लागले, तर गाडी हलवू नका, मिस्त्रीला बोलवा.

पुढच्या चाकांची तपासणी घरीही होते. आपल्या यवतमाळकडच्या काळ्या मातीत जॅक रुततो, म्हणून कठीण, सपाट जागा निवडा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, नट सैल करा, मगच गाडी उचला. गाडीखाली शिरू नका. पॅडचा घासणारा थर ३ मिलिमीटर किंवा त्याहून कमी उरला असेल, तर दोन्ही बाजूंचे पॅड एकदमच बदला. आतली धूळ तोंडाने फुंकू नका, ती फुफ्फुसाला घातक असते. ओल्या फडक्याने पुसा.

पॅड बदलण्याचा सराव नसेल, तर ते काम मिस्त्रीकडेच द्या. नवे पॅड बसल्यावर पायातला ब्रेक घट्ट लागेपर्यंत दाबा, मगच गाडी काढा. पुसदकडच्या डोंगरउतारावर घरची माणसे त्याच ब्रेकच्या भरवशावर बसलेली असतात.