द्राक्षमळ्यातील महागडे भोजन आणि ग्राहकाची निराशा : शिरूर-दौंड परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. कालव्याचे पाणी पोहोचले तेथे ऊस आणि उरलेल्या मुरमाड माळावर ज्वारी, असे या भागाचे स्थूल चित्र आहे. या चित्रात वाइनचा प्रवेश अलीकडचा. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी इंडेज ही वाइननिर्मिती सुरू केली. पुढे राज्य शासनाच्या २००१च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाने या व्यवसायास करसवलती दिल्या, आणि त्यानंतरच्या दशकात दौंड तालुक्यातील रोटी या गावी युनायटेड स्पिरिट्सच्या फोर सीझन्स वायनरीची उभारणी झाली. हा व्यवसाय पुढे ग्रोव्हर झांपा या कंपनीकडे गेला. नाशिक परिसरात याच काळात वाइन पर्यटनाने जोर धरला. मळ्याची फेरी, वाइनची चव आणि त्यानंतर मळ्यातीलच उपाहारगृहात भोजन, असा त्याचा ठराविक क्रम आहे.

या क्रमातील शेवटच्या टप्प्यावर पाहुण्यांचा हिरमोड होतो, अशी तक्रार सर्वच वाइनप्रदेशांत ऐकू येते. दर शहरातील तारांकित हॉटेलाचे, पण अन्न कोमट, वाढपी अनभिज्ञ आणि प्रतीक्षा तासाभराची, असे तिचे सर्वसाधारण स्वरूप असते. प्रस्तुत लेखात कोणत्याही एका आस्थापनाचे मूल्यमापन अभिप्रेत नाही. ही निराशा नेमकी कशातून निर्माण होते आणि शिरूर-दौंडसारख्या परिसरात ती टाळण्यास कोणती साधने हाताशी आहेत, याचे विवेचन येथे केले आहे.

अपेक्षा आणि प्रत्यय

ग्राहकाचे समाधान हे वस्तूच्या निरपेक्ष गुणवत्तेवर अवलंबून नसून अपेक्षा व प्रत्यक्ष अनुभव यांतील अंतरावर अवलंबून असते, ही मांडणी रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० मध्ये केली. परशुरामन, झाइथमल आणि बेरी यांनी १९८८ मध्ये सेवेची गुणवत्ता मोजण्यासाठी पाच निकष सुचविले : दृश्य सुविधा, विश्वसनीयता, तत्परता, आश्वासकता आणि आस्था. द्राक्षमळ्यातील उपाहारगृहाची अडचण या निकषांतून चटकन ध्यानात येते. टेकडीवरील इमारत, खाली पसरलेल्या वेलींच्या रांगा, मावळतीचा प्रकाश हे सारे पहिल्या निकषात मोडते आणि तेथे मळा शहरातील कोणत्याही हॉटेलास मागे टाकतो. परंतु याच दृश्यामुळे उरलेल्या चार निकषांविषयीची अपेक्षा वाढून बसते. पाहुणा टेबलाशी बसतो तेव्हा दृश्याने स्वयंपाकघराच्या वतीने एक वचन देऊन टाकलेले असते, आणि स्वयंपाकघराला त्याची कल्पनाही नसते.

किमतीचेही तसेच. हिल्के प्लासमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकच वाइन एकदा १० डॉलर आणि एकदा ९० डॉलर किमतीची म्हणून देण्यात आली. महाग म्हणून सांगितलेली वाइन सहभागी व्यक्तींना अधिक रुचली आणि मेंदूच्या प्रतिमाचित्रणातही सुखसंवेदनेशी निगडित भागाची क्रिया वाढलेली दिसली. किंमत सुखात भर घालते ती अशी. मात्र थंडगार सूप किंवा चुकीचे बिल यांवर किमतीची ही जादू चालत नाही. उलट जितका दर अधिक तितका राग अधिक, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

स्वयंपाकघराची भूमिती

रोटी हे गाव पुण्यापासून सुमारे ६०-७० किलोमीटरवर आहे. पाहुण्याच्या दृष्टीने ही सुखद सहल. मुदपाकखान्याच्या दृष्टीने हीच मूळ समस्या होय. आयात चीज, ऑलिव्ह, मशरूम, सागरी मासळी हे जिन्नस शहरातून यावे लागतात. सोमवार ते गुरुवार टेबले रिकामी असतात आणि शनिवार-रविवारी ती एकाच वेळी भरतात. अशा स्थितीत लांबलचक पदार्थसूची ठेवणे म्हणजे शीतपेटीत साठा करून ठेवणे आणि रविवारी दुपारी तो वितळवून गरम करणे. पाहुण्यास जो ‘शिळेपणा’ जाणवतो त्याचे मूळ बहुधा आचाऱ्याच्या हाती नसते. ते पदार्थसूचीच्या लांबीत असते.

त्यात हंगामाची भर पडते. महाराष्ट्रात वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारणतः जानेवारी ते मार्च या काळात होते, आणि सहलीचा बहरही हिवाळ्याचाच. म्हणजे ज्या आठवड्यांत मळ्यातील मनुष्यबळ काढणी व किण्वनात गुंतलेले असते, त्याच आठवड्यांत पाहुण्यांची गर्दी उसळते. प्रशिक्षित वाढपी मिळणे हीदेखील अवघड बाब. शिरूर तालुक्यातील रांजणगाव औद्योगिक वसाहतीत नियमित पाळी आणि नियमित वेतन मिळत असता, शिकलेला स्थानिक तरुण शनिवार-रविवारच्या वाढपीकामाकडे का वळेल, हा प्रश्न व्यवस्थापनाने स्वतःला विचारावयास हवा.

वाइन वाढणे हे वेगळे ज्ञान

जेथे वाइन बनते तेथे ती उत्तम रीतीने वाढली जाईल, हा समज स्वाभाविक असला तरी चुकीचा आहे. पांढरी वाइन साधारणतः ८ ते १२ अंश सेल्सिअस आणि लाल वाइन १५ ते १८ अंशांच्या आसपास द्यावी, असा संकेत आहे. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी हा युरोपीय सल्ला दौंडच्या एप्रिलमध्ये शब्दशः पाळला तर पाहुण्याच्या पेल्यात मद्यार्काचा उग्र वास तेवढा उरेल. उघडलेली बाटली हवेशी संयोग पावून दोन-तीन दिवसांत निस्तेज होते. पेल्याने विक्री करणाऱ्या उपाहारगृहात गुरुवारी उघडलेली बाटली रविवारी वाढली जाण्याचा धोका म्हणूनच असतो.

प्रारंभी घोटभर वाइन ओतून पाहुण्याची संमती घेण्याच्या रीतीचा अर्थही फारसा कोणी समजावून सांगत नाही. ती आवड विचारण्यासाठी नसून दोष तपासण्यासाठी आहे. बुचातील ट्रायक्लोरोअॅनिसोल या संयुगामुळे वाइनला ओलसर पुठ्ठ्यासारखा वास येतो; तसा आला तर बाटली परत करणे हा पाहुण्याचा हक्क होय. वाढप्यास हे ठाऊक नसेल तर तो परत केलेली बाटली हा आपला अपमान समजतो आणि पाहुणा संकोचाने गप्प बसतो. मराठी मध्यमवर्गीय पाहुण्याच्या बाबतीत दुसरी शक्यता अधिक.

देयक आणि कायदा

निराशेची परिणती पुष्कळदा देयकावरील वादात होते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये ‘सेवेतील उणीव’ तक्रारीस पात्र असली तरी पदार्थ बेचव असणे आणि सेवेत उणीव असणे यांत फरक आहे. अस्वच्छता, अन्नात परकी वस्तू सापडणे, मागणीपेक्षा वेगळी वस्तू देऊन तिचे पैसे आकारणे या बाबी सिद्ध करता येतात; मीठ कमी होते हे सिद्ध करणे अवघड. सेवाशुल्काबाबत मात्र स्थिती अधिक स्पष्ट झाली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजीच्या मार्गदर्शक सूचनांनी ते देयकात आपोआप लावण्यास मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना वैध ठरविल्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक अशा वेळी उपयोगी पडतो. अर्थात बहुसंख्य पाहुणे तक्रार करीतच नाहीत. ते पैसे चुकते करतात आणि पुन्हा येत नाहीत. मळ्यावरून होणारी वाइनची थेट विक्री मध्यस्थाविना होत असल्याने उत्पादकास अधिक लाभाची असते; न परतणाऱ्या पाहुण्याबरोबर ती जाते, आणि तिच्यावर विसंबलेल्या द्राक्ष उत्पादकाची मागणीही आक्रसते.

परिसरातील धडे

या भागाला पाहुणचार अपरिचित नाही. तुकाराम महाराजांची पालखी वरवंड, पाटस मार्गे रोटीचा घाट चढून पुढे जाते, तेव्हा याच गावांतून वारकऱ्यांना पिठलेभाकरी वेळेवर आणि पोटभर मिळते. त्या पंगतीची तुलना मळ्यातील टेबलाशी करणे काहीसे अन्यायाचे होईल. परंतु व्यावसायिक उदाहरणेही आहेत. शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली येथे कृषिपर्यटन केंद्रांवर पाहुणे सामान्यतः आगाऊ नोंदणी करून येतात. किती पाने वाढायची हे आधी कळते, पदार्थ मोजके असतात आणि ते बनविणाऱ्या हातांना ते लहानपणापासून येत असतात. दौंडच्या सीमेलगत भिगवण परिसरात उजनीच्या जलाशयातील मासळी खाण्यासाठी लोक पुण्याहून मुद्दाम जातात. तेथे टेबलावर नॅपकिन नसतो म्हणून कोणी रुसत नाही, कारण मासा ताजा आहे एवढेच वचन दिलेले असते आणि ते पाळले जाते.

युरोपातही हाच मार्ग दिसतो. ऑस्ट्रियात सम्राट दुसऱ्या जोसेफने १७८४ मध्ये द्राक्ष उत्पादकांना स्वतःची वाइन घरच्या अंगणात विकण्याची मुभा दिली. त्यातून ‘हॉयरिगर’ ही संस्था वाढली. दारावर पाइनच्या डहाळ्या टांगल्या की घर उघडे आहे असे समजावयाचे. पाव, चीज, थंड मांस असे साधे ताट तेथे मिळते आणि भव्यतेची अपेक्षा कोणी करीत नाही.

मळेवाल्यांचा येथे एक आक्षेप असतो : मराठी जेवणाचा तिखटपणा वाइनला मारक ठरतो, म्हणून इटालियन सूची अपरिहार्य आहे. आक्षेप अर्धाच खरा आहे. लाल वाइनमधील टॅनिन तिखटाबरोबर अधिक तुरट वाटते आणि मद्यार्क मिरचीचा दाह वाढवितो, हे खरे. पण किंचित गोडसर शेनिन ब्लांक तिखट सौम्य करते, आणि शेनिन ब्लांक ही तर महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर लावली जाणारी जात. थालीपीठ, लोणी, भाजलेले वांगे, हिवाळ्यात ज्वारीचा हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी, एवढ्या पाच-सहा पदार्थांसाठी पुण्याहून शीतपेटीची गाडी यावी लागत नाही. ज्वारी शेजारच्या शिवारात उभी असते.