गाडी झुकली? शॉक ॲब्सॉर्बर बदलण्याआधी स्प्रिंग मोजा!

नाशिक, प्रतिनिधी - सपाट जागेवर उभी असलेली मोटार एका बाजूला कललेली दिसू लागली किंवा डिकीत थोडे सामान ठेवताच मागून बसू लागली, की बहुतेक वाहनधारक गॅरेज गाठतात आणि 'शॉक ॲब्सॉर्बर बदलून टाका' असे सांगून मोकळे होतात. नवे शॉक ॲब्सॉर्बर बसतात, बिलही भरले जाते. गाडी मात्र होती तशीच कललेली राहते. यात दोष नेहमी मेकॅनिकचा किंवा सुट्या भागाच्या दर्जाचा असतोच असे नाही. गाडीचे वजन ज्या भागाने पेललेले नाही, तोच भाग बदलला गेलेला असतो.

मोटारीचे वजन पेलण्याचे काम स्प्रिंग करते. मग ती गुंडाळीची कॉइल स्प्रिंग असो, जीपसारख्या गाड्यांतील पाटे असोत किंवा टॉर्शन बार असो. शॉक ॲब्सॉर्बरचे काम वेगळे आहे. खड्ड्यातून गेल्यावर स्प्रिंग जी वर-खाली उसळी घेत राहते, ती तेलाच्या अवरोधाने थांबविणे एवढेच त्याच्याकडे सोपविलेले असते. गॅस भरलेला शॉक ॲब्सॉर्बर गाडीला काही किलोंचा आधार देतो, हे खरे. परंतु बसलेली स्प्रिंग त्याने उभी राहत नाही. गाडीची उंची बिघडली तर संशय प्रथम स्प्रिंगवर घ्यावा आणि गाडी खड्ड्यानंतर डोलत राहिली, तर शॉक ॲब्सॉर्बरवर, ही या विषयातील पहिली पायरी.

नाशिकला हा विषय परका नाही. सातपूरच्या महिंद्रच्या कारखान्यातूनच २००२ मध्ये 'स्कॉर्पिओ' रस्त्यावर आली. शॉक ॲब्सॉर्बर बनविणाऱ्या 'गॅब्रिएल इंडिया'चाही कारखाना या शहरात आहे. त्याचबरोबर येथील गाड्यांच्या वाट्याला येणारे रस्तेही तसेच आहेत. कसारा घाट, नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढणारी वळणे, इगतपुरी व त्र्यंबकेश्वर परिसरातील पावसाने उखडलेले रस्ते आणि कांदा-द्राक्षांच्या हंगामात क्षमतेपलीकडे भरली जाणारी पिकअप वाहने, ही स्प्रिंगची रोजची परीक्षाच असते. त्यात गेल्या काही वर्षांत शहरात सीएनजी पंप सुरू झाल्यानंतर डिकीत सिलिंडर बसविलेल्या मोटारींची भर पडली आहे.

सिलिंडरचे ओझे

६० लिटर पाणी मावेल एवढ्या क्षमतेच्या लोखंडी सीएनजी सिलिंडरचे वजन साधारण ६० किलोच्या आसपास असते. त्यात गॅस आणि पकडपट्ट्यांचे वजन मिळविले, की एक मोठा माणूस कायमचा डिकीत बसून प्रवास करीत असल्यासारखी स्थिती होते. समजा, हा ७५ किलोंचा भार मागील दोन स्प्रिंगवर सारखा वाटला गेला आणि प्रत्येक स्प्रिंग एक सेंटिमीटर दबण्यास २५ किलो वजन लागत असले, तर गाडी मागून दीड सेंटिमीटर खाली बसेल. सिलिंडर मागील ॲक्सलच्याही मागे असेल, तर तरफेच्या तत्त्वानुसार हा आकडा आणखी वाढतो. कंपनीतूनच सीएनजी बसवून येणाऱ्या गाड्यांत हे वजन आधीच हिशेबात धरलेले असते. बाहेरून किट बसविलेल्या गाडीत मात्र स्प्रिंग पेट्रोल गाडीचीच राहते.

एक-दोन सेंटिमीटरने काय बिघडते, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर रात्रीच्या रस्त्यावर मिळते. हेडलाइटचा डिपर झोत दर मीटरला साधारण एक सेंटिमीटर खाली उतरेल, अशा बेताने जुळविलेला असतो. पुढील व मागील चाकांतील अंतर २४० सेंटिमीटर असलेली गाडी मागून २.४ सेंटिमीटर बसली, तर झोताचा हा उतार पूर्णपणे नाहीसा होतो. डिपर दिलेला असूनही झोत सरळ समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. घाटातील वळणावर याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

ब्रेकचाही संबंध येथे येतो. अनेक जुन्या व्हॅन, जीप व एसयूव्हींमध्ये मागील भार ओळखून ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. गाडीचा सांगाडा मागील ॲक्सलपासून किती उंच आहे, यावरून तो भार ओळखतो. स्प्रिंग बसली, की रिकामी गाडीही त्याला भरलेली वाटते आणि मागील चाके गरजेपेक्षा जोराने धरली जातात. उलट, गाडी वाजवीपेक्षा उंच केली तर मागील ब्रेक कमी लागतो. त्यामुळे उंची सुधारल्यानंतर या व्हॉल्व्हची जुळणी तपासणे आवश्यक ठरते.

मोजमाप कसे करावे?

सुटा भाग विकत घेण्यापूर्वी करावयाचे काम एका मेजरिंग टेपने होते. गाडी सपाट फरशीवर, सामान व माणसे उतरवून, चारही टायरमध्ये ठरलेली हवा भरून उभी करावी. स्टिअरिंग सरळ असावे. गाडी थोडी पुढे-मागे ढकलून आणि चारही कोपऱ्यांवर हाताने दाबून सोडावी, म्हणजे स्प्रिंग आपल्या नैसर्गिक जागी येते. त्यानंतर चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही चाकांवर मोजून लिहून ठेवावे. त्याच जागी जमिनीपासून मडगार्डपर्यंतचे अंतरही मोजावे.

या दोन आकड्यांत बरेचसे निदान दडलेले असते. जमिनीपासूनच्या उंचीत फरक आहे, पण चाकाच्या मध्यापासूनची उंची दोन्हीकडे सारखी आहे, तर दोष टायरचा. वेगळ्या आकाराचा, जास्त झिजलेला किंवा हवा कमी असलेला टायर बसलेला असतो. चाकाच्या मध्यापासूनच्या अंतरातच फरक असेल, तर सस्पेन्शनकडे वळावे. फरशीवर विश्वास नसेल तर गाडी वळवून त्याच जागी उलट तोंडाने उभी करावी. झुकाव गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेला, तर दोष फरशीचा समजावा. अपघातानंतर मडगार्ड बदललेले असल्यास त्यावर विसंबून न राहता दरवाजांखाली जॅक लावण्याच्या जागेपासून जमिनीपर्यंतचे अंतर ताडून पाहावे.

डाव्या-उजव्या बाजूंत एक सेंटिमीटरच्या आसपासचा फरक अनेक गाड्यांत सामान्य मानला जातो. नेमकी मर्यादा कंपनीच्या दुरुस्ती पुस्तिकेत दिलेली असते. त्याहून अधिक फरक असल्यास कारण शोधावे. मागील दोन्ही बाजू सारख्याच बसल्या असतील, तर भार किंवा थकलेल्या स्प्रिंग हे कारण संभवते. एकच कोपरा अचानक खाली आला, तर स्प्रिंगचा शेवटचा वेढा तुटला असण्याची शक्यता मोठी. हा वेढा खालच्या वाटीत बसत असल्याने तेथे चिखल-पाणी साचून गंज चढतो आणि तुटलेला तुकडा वरवर पाहता दिसतही नाही. एक कोपरा खचला, की तिरक्या रेषेतील दुसरा कोपरा थोडा उचलला जातो. त्यामुळे उंच दिसणारा कोपराच सदोष आहे, असा समज करून घेऊ नये.

निदानाची खात्री करण्याचा एक जुना उपाय आहे. डावी व उजवी स्प्रिंग एकाच क्रमांकाची असेल, तर त्यांची अदलाबदल करावी. झुकाव दुसऱ्या बाजूला गेला, तर स्प्रिंग दोषी. तो जागचा हलला नाही, तर स्प्रिंगची वाटी, रबरी बुश, वाकलेला आर्म किंवा अपघातात मुरडलेला सांगाडा तपासावा लागतो. अशा वेळी नवीन स्प्रिंगवर केलेला खर्च वाया जातो. जुनी गाडी खरेदी करणाऱ्यांनी तर ही तपासणी व्यवहारापूर्वीच करून घेणे हिताचे. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये मोठी ताकद साठलेली असते. ती उघडण्याचे काम योग्य उपकरण असलेल्या गॅरेजमध्येच करावे, घरी नव्हे.

कोणता भाग निवडावा?

निदान झाल्यावर पहिला पर्याय मूळ मापाच्या स्प्रिंगचा. एकाच मॉडेलच्या पेट्रोल, डिझेल व सीएनजी गाड्यांच्या स्प्रिंग वेगवेगळ्या असू शकतात; डिझेल इंजिन जड असल्याने पुढील स्प्रिंग निराळी असते. त्यामुळे दुकानदाराला केवळ मॉडेलचे नाव न सांगता चेसिस क्रमांकावरून निघालेला भाग क्रमांक द्यावा. जुन्या स्प्रिंगवर रंगाच्या खुणा असल्यास त्याही टिपून घ्याव्यात. कंपनीच्या भागाऐवजी अन्य उत्पादकाचा भाग घ्यायचा असेल, तर त्याच्या सूचीत हाच क्रमांक दिलेला आहे, याची खातरजमा करावी. वेष्टनावर उत्पादकाचे नाव, भाग क्रमांक व किंमत छापलेली नसेल, तर स्वस्ताईच्या मोहात पडू नये.

स्प्रिंग नेहमी जोडीने बदलावी. एक नवी व एक थकलेली अशी जोडी लावल्यास झुकाव केवळ बाजू बदलतो.

दुसरा पर्याय 'हेवी ड्यूटी' स्प्रिंगचा. येथे भौतिकशास्त्र ध्यानात घ्यावे लागते. कॉइल स्प्रिंगचा ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. बाकीची मापे तीच ठेवून १२ मिलिमीटरऐवजी १३ मिलिमीटर जाडीची तार वापरली, तर स्प्रिंग सुमारे ३८ टक्क्यांनी ताठर होते. एका मिलिमीटरचा हा फरक हातात घेऊन कळत नाही. मात्र रिकाम्या गाडीत बसलेल्याच्या पाठीला तो लगेच कळतो. शिवाय जुना शॉक ॲब्सॉर्बर या नव्या उसळीला आवर घालू शकेलच असे नाही. सीएनजी सिलिंडरसारखा कायमचा भार असेल, तरच हा पर्याय विचारात घ्यावा आणि तोही त्या भारापुरताच.

तिसरा, सर्वांत स्वस्त व म्हणूनच लोकप्रिय पर्याय म्हणजे स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये अडकविण्याचे रबरी बफर. उंची त्याने तत्काळ वाढते. परंतु बफर अडकविलेला वेढा काम करेनासा होतो आणि त्याचा भार उरलेल्या वेढ्यांवर येतो. सहा वेढ्यांचे काम पाच वेढे करू लागले, की स्प्रिंग २० टक्क्यांनी ताठर होते. तुटलेल्या किंवा गंजलेल्या स्प्रिंगवर असा बफर लावणे म्हणजे दुखणे झाकणे होय. स्प्रिंगच्या टोकाखाली ठेवण्याच्या चकतीचा हिशेबही वेगळा असतो. स्प्रिंग चाकापासून दूर, आर्मच्या मध्यावर असेल, तर एक सेंटिमीटरच्या चकतीने चाकाजवळची उंची जवळजवळ दोन सेंटिमीटरने वाढू शकते.

पाट्यांच्या गाड्या

'बोलेरो'सारख्या गाड्यांत मागे पाटे असतात. येथे आधी मधला बोल्ट, यू बोल्ट व शॅकलचे बुश तपासावेत. मधला बोल्ट तुटल्यास ॲक्सल जागचा सरकतो आणि गाडी तिरकी चालू लागते. थकलेल्या पाट्यांना पुन्हा बाक देण्याची पद्धत रूढ आहे. पण पोलाद तेच जुने असल्याने तो बाक फार काळ टिकेल, याची हमी नसते. एखादा पाटा वाढविल्याने भार पेलला जातो. मात्र रिकामी गाडी उडू लागते. बारमाही ओझे वाहणाऱ्या वाहनाला हे चालते, कुटुंबाच्या गाडीला नव्हे.

१९९८ मध्ये आलेल्या मूळ 'टाटा सफारी'सारख्या गाड्यांत पुढे टॉर्शन बार असतो. त्याच्या टोकाशी उंची जुळविण्याचा बोल्ट दिलेला असतो. अशा गाडीत कोणताही भाग विकत घेण्यापूर्वी हा बोल्ट तपासावा. बऱ्याचदा तेवढ्यानेच काम भागते.

स्प्रिंग कापून गाडी बुटकी करणे किंवा गॅसच्या ज्योतीने तापवून तिचा आकार बदलणे हे प्रकार मात्र सर्वथा टाळावेत. तापविल्याने पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि स्प्रिंग केव्हा तुटेल, याचा भरवसा राहत नाही.

कायदा काय सांगतो?

मूळ मापाचा भाग बसविणे ही दुरुस्ती आहे. गाडी मुद्दाम उंच किंवा बुटकी करणे हा बदल ठरू शकतो. उत्पादकाने ठरविलेल्या व नोंदणीत आलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात दिला. त्याच वर्षी दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ ए मध्ये नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सीएनजी किट बसविल्यास त्याची नोंद आरसी पुस्तकात असणेही बंधनकारक आहे.

हे लक्षात ठेवा

* टायरची हवा, टायरचा आकार व चारही उंचींचे आकडे नोंदविल्याशिवाय सुटा भाग घेऊ नका.
* उंची बिघडली तर स्प्रिंग, गाडी डोलत राहिली किंवा तेल गळू लागले तर शॉक ॲब्सॉर्बर.
* भाग चेसिस क्रमांकावरून व जोडीनेच घ्या. बिल जपून ठेवा.
* वरचे रबर, वाटीतील पॅड व बुश झिजले असल्यास त्याच वेळी बदला. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळून घ्या. अन्यथा रबर पिळलेले राहून लवकर फाटते.
* काम झाल्यावर गाडी थोडी चालवून उंची पुन्हा मोजा. नंतर व्हील अलाइनमेंट, हेडलाइटचा झोत व ब्रेकचा व्हॉल्व्ह तपासून घ्या.
* उद्दिष्ट कंपनीने ठरविलेली उंची हेच ठेवा. त्याहून अधिक नव्हे.