गच्चीवरची वेधशाळा मुकी का होते?

चेन्नईत पाऊस पेठेगणिक बदलतो. 2 डिसेंबर 2015च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत नुंगमबाक्कमला 29 सेंटिमीटर पाऊस झाला, तांबरमला 49. अधिकृत केंद्रांचे आकडे आपल्या गल्लीचा पाऊस सांगत नाहीत. म्हणून 1796पासून हवामानाच्या नोंदी होत असलेल्या या शहरात हौशी मंडळी गच्चीवर स्वतःची छोटी वेधशाळा बसवतात. वर पर्जन्यमापक आणि वाऱ्याच्या फिरत्या वाट्या, खाली दिवाणखान्यात आकडे दाखवणारा डिस्प्ले, आणि मध्ये वायर नाही. मग एखाद्या दिवशी, ऐन पावसात, आकड्यांच्या जागी नुसत्या आडव्या रेघा येतात.

खरं तर नवल रेघांचं नाही, एरवी आकडे पोचतात याचं आहे. गच्चीवरचा सेन्सर जेमतेम दहा-वीस मिलिवॅट ताकदीने, 433 किंवा 865 मेगाहर्ट्‌झच्या आसपास, क्षणभर बोलतो आणि पुन्हा झोपतो. कित्येक मॉडेलांत हे दर 16 सेकंदांनी घडतं. खालच्या रिसीव्हरचे कान इतके तिखट की निघालेल्या ताकदीचा दहा हजार कोटींवा हिस्सा हाती लागला तरी त्याला आकडा कळतो!

मग तुटतं कुठे? पहिला संशय पावसावर जातो, पण तो जवळजवळ निर्दोष आहे. 865 मेगाहर्ट्‌झची लहर सुमारे 35 सेंटिमीटर लांब असते. टपोऱ्यात टपोरा थेंब पाच-सहा मिलिमीटरचा. एवढ्या मोठ्या लहरीला थेंब अडवू शकत नाही. चेन्नई बंदरावरचं चक्रीवादळाचा वेध घेणारं रडारही दहा सेंटिमीटरची लांब लहर वापरतं ते याचसाठी: तुफान पावसातूनही ती आरपार जाते. अडवतं ते साचलेलं पाणी. भिजलेली भिंत, ओली पानं, सेन्सरच्या खोक्यात शिरलेला ओलावा आणि गच्चीवरची पाण्याची टाकी. टाकी प्लॅस्टिकची असली तरी आतलं पाणी लहर गिळतं. सेन्सर आणि खिडकी यांच्या मध्ये टाकी येत असेल, तर सेन्सर हलवा.

दुसरी अडचण स्लॅबची. त्यातल्या सळ्यांची चौकट बहुधा पंधरा-वीस सेंटिमीटरची, म्हणजे लहरीच्या जवळपास निम्मी, आणि एवढ्या भोकांच्या जाळीतून लहर सहजी निसटत नाही. शिवाय उभ्या अँटेनाचा सिग्नल मेदूवड्यासारखा पसरतो: चहूबाजूंना भरघोस, बरोबर वर आणि खाली भोक. डिस्प्ले सेन्सरच्या थेट खाली ठेवला की तो नेमका त्या भोकात सापडतो. लहर घरात येते ती बहुतेक खिडकीतून, म्हणून डिस्प्ले खिडकीजवळ न्यावा.

तिथेही एक गंमत आहे. सेन्सरकडून सरळ आलेली लहर आणि भिंतीवर आपटून आलेली लहर एकमेकींना कुठे बळ देतात, कुठे खोडून काढतात. खोडल्या जाणाऱ्या जागेपासून बळ मिळणारी जागा अनेकदा आठ-नऊ सेंटिमीटरवरच असते. टेबलावर मुका पडलेला डिस्प्ले चार-पाच बोटं सरकवला की बोलू लागतो, तो यामुळे. मात्र राउटर, टीव्ही, इन्व्हर्टर यांच्यापासून तो लांब असू द्या. त्यांच्या विद्युत गोंगाटात सेन्सरची कुजबुज बुडते.

दोष शोधायला एक वही पुरे. रेघा कधी आल्या, ती वेळ लिहून ठेवा. दुपारच्या रणरणत्या उन्हातच येत असतील, तर तापलेल्या सेन्सरची वारंवारता किंचित सरकत असेल. ढगाळ आठवड्यात रात्री येत असतील, तर सौर पट्टीला ऊन मिळालेलं नाही आणि सेलही थकला आहे. ठरावीक अंतराने येऊन जात असतील, तर शेजाऱ्याचा सेन्सर त्याच क्षणी बोलत असण्याची शक्यता मोठी. अशा टकरी टाळण्यासाठीच डेव्हिस कंपनीच्या केंद्रांत प्रत्येक सेन्सर-क्रमांकाला अडीच ते तीन सेकंदांच्या दरम्यानचा वेगळा ठेका दिलेला असतो. आणि रेघा कधीही, कशाही येत असतील, तर सेन्सर खाली आणून डिस्प्लेपासून तीन-चार मीटरवर ठेवा. तरीही तुटलं तर दोष वाटेत नाही, सेन्सरमध्ये आहे. समुद्राजवळच्या घरांत आधी सेलची टोकं पाहा. खाऱ्या हवेने त्यांवर पांढरी-हिरवी पुटं चढतात. सेन्सर बोलू लागला की व्होल्टेज तिथेच गळतं.

सिग्नल गेला म्हणून पावसाचा हिशेब सहसा बुडत नाही. बहुतेक सेन्सर पावसाची चढती बेरीज पाठवतात; संपर्क जुळला की मधला पाऊसही त्यात येतो. वाऱ्याचा झोत मात्र त्या क्षणी निसटला तर कायमचा गेला, आणि चक्रीवादळात तोच आकडा मोलाचा. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबरात येतो. सेल बदलणं, टोकं पुसणं आणि डिस्प्लेची जागा ठरवणं ही तिन्ही कामं सप्टेंबरातच उरका.