निबंध सजवायचा की सिद्ध करायचा?

शेतकऱ्यावर निबंध लिहायला सांगितला की शाळकरी वही कोणत्या वाटेने जाणार, हे आधीच ठरलेले असते. पहिल्या ओळीत शेतकरी जगाचा पोशिंदा होतो, दुसऱ्या परिच्छेदात तो उन्हातान्हात राबतो, मध्ये एखादा सुविचार येतो आणि ‘जय जवान, जय किसान’ म्हणून निबंध आटोपतो. शेती कधी पाहिलीच नाही अशा मुलाने असे लिहिले तर समजण्यासारखे आहे. पण बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या मुलांनीही हेच लिहावे, याचा विचार करायला हवा. उसाला तोड कधी मिळणार, याची चर्चा ज्या घरांत रोज होते, त्या घरांतली ही मुले. निमगाव केतकीच्या मुलाला पानमळ्याचे कष्ट ठाऊक असतात. नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन लांबले की घरात काय होते, हे सणसरच्या मुलीला कोणी शिकवावे लागत नाही. सुप्याकडच्या जिरायती पट्ट्यात टँकरची वाट पाहणे म्हणजे काय, हे तिथल्या मुलांना पुस्तकात वाचावे लागत नाही. तरी यातले काहीच निबंधात उतरत नाही. भाषा कमी पडते म्हणून असे होत नाही. निबंध म्हणजे सुंदर वाक्यांची आरास, ही समजूत आपण त्यांच्या मनात घट्ट बसवली आहे.

मराठी निबंध जन्मला तो वाद घालायला. लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये पत्रे लिहिली ती समाजाला जाब विचारण्यासाठी. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली आणि तिच्या ८४ अंकांत लोकहितवादींवर आणि जोतीराव फुल्यांवर कडाडून टीका केली. पुढे १८८८ मध्ये आगरकरांनी ‘सुधारक’ काढला आणि चिपळूणकरी विचारांच्या उलट बाजूने झुंज दिली. यांतले कोण बरोबर होते, हा प्रश्न इथे बाजूला ठेवू. यांच्यापैकी प्रत्येकाला काहीतरी म्हणायचे होते, ते पटवून द्यायचे होते, आणि समोर न पटणारा वाचक बसला आहे याची प्रत्येकाला जाणीव होती. शाळेने निबंधाचा साचा घेतला आणि हा न पटणारा वाचक तेवढा गाळून टाकला. ज्याला कोणाला काही पटवायचेच नाही, तो वाक्ये सजवण्यापलीकडे दुसरे काय करणार?

म्हणून निबंध सुधारण्याची पहिली पायरी भाषेची नसून म्हणण्याची आहे. त्यासाठी एक साधी कसोटी लावता येते. आपले मुख्य वाक्य उलट करून पाहावे आणि ते उलटे वाक्य कोणी शहाणा माणूस मनापासून म्हणू शकेल का, हे स्वतःला विचारावे. ‘पाणी म्हणजे जीवन’ याच्या उलट कोणीच म्हणणार नाही, म्हणजे त्या वाक्याने काहीच सांगितले नाही. ‘कालव्याखालच्या उसाला ठिबक सक्तीचे करावे’ हे वाक्य मात्र उलट करता येते. ठिबकचा खर्च कोण करणार, कालव्याचे पाणी पाळीने येते तेव्हा ते साठवायचे कुठे, लहान शेतकऱ्याचे काय, असे विचारणारी माणसे लगेच उभी राहतात. निबंध तिथे सुरू होतो. दिलेला विषय कितीही ढोबळ असो, त्यातून असा एक प्रश्न काढणे आणि त्याचे उत्तर एका वाक्यात मांडणे, हे लिहिण्याआधीचे काम आहे. ते झाल्याशिवाय पहिली ओळ लिहू नये.

दुसरे काम पुरावा जमवण्याचे. याच परिसरातला एक विषय घेऊन ते कसे होते ते पाहू. १२ मे १८७५ रोजी आज बारामती तालुक्यात असलेल्या सुपे या बाजारपेठेच्या गावी आसपासच्या खेड्यांतले शेतकरी जमले. त्यांनी सावकारांकडे वह्या आणि कर्जरोखे मागितले आणि ते जाळले. दख्खनच्या दंग्यांची ही सुरुवात होती. यावर ‘सावकारांचा जुलूम’ असा निबंध लिहायला घेतला तर चार विशेषणांत तो संपतो. त्याऐवजी ‘शेतकऱ्यांनी कागदच का जाळले?’ असा प्रश्न घ्यावा. लगेच पुराव्याची गरज भासते आणि तो शोधायला दिशाही मिळते. पहिला धागा इंदापुरात सापडतो. तिथे ब्रिटिश अधिकारी प्रिंगल यांनी १८३० च्या सुमारास केलेली जमिनीची पाहणी सदोष ठरली, म्हणून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ पासून नव्याने मोजणी व प्रतवारी केली आणि तीस वर्षांसाठी सारा ठरवून दिला. ही मुदत १८६० च्या दशकात संपली आणि फेरआकारणीत सारा बराच वाढला. दुसरा धागा समुद्रापलीकडचा आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे भारतीय कापसाला चढा भाव आला होता. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव उतरले आणि सावकारांनी हात आखडता घेतला. तिसरा धागा खुद्द दंग्याच्या रीतीत आहे. जमावाचा रोख मुख्यतः रोख्यांवर होता. निरक्षर शेतकऱ्याने ज्या कागदावर निशाणी केली, त्यात काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नव्हते, आणि न्यायालयात मात्र तोच कागद बोलत होता.

एवढे हाती आल्यावर म्हणणे आपोआप धारदार होते. सुप्याच्या शेतकऱ्यांचा राग माणसांवर नव्हे, फक्त त्या लेखी व्यवहारावर होता, कारण त्यातली लेखणी कायम दुसऱ्याच्या हातात होती. आता या म्हणण्यावर आक्षेप येऊ द्यावा. धान्याची दुकानेही लुटली गेली, काही घरे पेटवली गेली, मग राग फक्त कागदांवर होता असे कसे म्हणता? शिवाय सारावाढीला किती दोष द्यायचा, यावर इतिहासकारांत एकमत नाही. चांगला लेखक हे लपवत नाही. तो आपले वाक्य आवरतो, ‘फक्त’ऐवजी ‘मुख्यतः’ लिहितो आणि आणखी एक पुरावा पुढे करतो. दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ मध्ये जो दख्खन शेतकरी कायदा झाला, त्यात शेतकऱ्याचे दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर व्हावेत आणि सावकाराने पावती व हिशेब द्यावा, अशा तरतुदी होत्या. दुखणे कागदात आहे हे सरकारनेही ओळखले, असा याचा अर्थ निघतो. विधान, पुरावा, आक्षेप, सुधारलेले विधान, एवढ्यात निबंधाची सगळी रचना येते. प्रस्तावना आणि समारोप ही नावे त्यानंतरची.

मांडणीचीही एक कसोटी आहे. निबंध लिहून झाला की प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य तेवढे एकापाठोपाठ वाचावे. त्यातून युक्तिवाद समजला तर मांडणी जमली. मध्येच गचका बसला तर तिथे एखादी पायरी सुटली आहे किंवा परिच्छेद चुकीच्या जागी आहे. मग निबंध मोठ्याने वाचावा. जिथे श्वास अडकतो तिथे वाक्य तोडावे, आणि जे विशेषण काढल्याने अर्थ बदलत नाही ते काढावे. यासाठी दुसरा खर्डा लागतो आणि आपल्या शिक्षणात नेमका तोच नाही. मूल एकदा लिहिते, शिक्षक लाल रेघा ओढतात आणि वही मिटते. उलट, बारामतीत बहुतेक आयुष्य घालवलेल्या कवी मोरोपंतांनी (१७२९–१७९४) एकाच रामकथेवर कितीतरी रामायणे रचली. परंपरा ती १०८ मानते. त्यांतले निरोष्ठ रामायण ओठांनी उच्चारायची अक्षरे टाळून लिहिलेले आहे. त्या काव्याची रसवत्ता कोणी कमी मानो वा जास्त, तेच द्रव्य पुन्हा हाती घेऊन, स्वतःवर नवे बंधन घालून, पुन्हा रचण्याची ती तालीम विलक्षण आहे. आठशे शब्दांचा निबंध पाचशेत बसवणे किंवा एकही सुविचार न वापरता लिहिणे, ही त्याच जातीची, आजच्या मुलाला झेपणारी बंधने आहेत.

यावर पहिला आक्षेप असा की नवशिक्याला नमुना लागतोच, मग गाईडमधले तयार निबंध वाचले तर बिघडले कुठे? वाचल्याने काहीच बिघडत नाही. पाठ केल्याने बिघडते. नमुना वाचताना लेखकाचे म्हणणे कोणते, पुरावा कोणता, कोणता आक्षेप त्याने टाळला, हे समासात लिहून काढले तर तोच निबंध शिक्षक होतो. पाठ केला तर तो फक्त स्मरणशक्ती तपासतो. आणि जिथे निबंधाला खरे वजन आहे तिथे पाठांतर टिकत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत निबंधाची २५० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. तीन तासांत हजार-बाराशे शब्दांचे दोन निबंध लिहायचे असतात आणि ते मराठीतूनही लिहिता येतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे. केंद्रीय परीक्षेतले निबंधाचे विषय अनेकदा एखाद्या अमूर्त वचनाच्या रूपात येतात. बारामती-इंदापूरच्या अभ्यासिकांत दिवसचे दिवस बसणाऱ्या मुलामुलींना याचा अर्थ नीट कळायला हवा. त्या तीन तासांतली पहिली वीस मिनिटे प्रश्न आणि उत्तर ठरवण्यात गेली तर ती वाया जात नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खेड्यातल्या मुलांची बोली वेगळी, घरी पुस्तके नाहीत, त्यांच्याकडून वैचारिक लेखनाची अपेक्षा करणे अन्यायाचे नाही का? याचे उत्तर मराठीच्याच इतिहासात आहे. पुण्यातल्या फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मांग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापून आला. वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, असा सरळ तर्क तिने मांडला. आपल्या समाजातल्या बायकांना बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसते, हा तिचा पुरावा होता. तिच्याकडे ग्रंथसंग्रह नव्हता. होता तो जगलेला अनुभव, त्यावर उभा केलेला तर्क, आणि ‘तू बोल’ म्हणणारे शिक्षक. प्रमाण लेखनाचे नियम मुलांना शिकवावेतच, पण ते शिकेपर्यंत विचार थांबवून ठेवणे हाच खरा अन्याय आहे. पहिला खर्डा बोलीत लिहू द्यावा आणि दुसऱ्यात शुद्धलेखन पाहावे.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा आहे आणि तो खोटा नाही. वर्ग भरलेला, अभ्यासक्रम संपवायचा, त्यात प्रत्येकाचे दोन खर्डे तपासायचे कधी? पण सगळे सगळ्यांचे तपासायची गरज नाही. पहिल्या खर्ड्यावर मुलांनीच एकमेकांना एक प्रश्न विचारावा, ‘हे कशावरून?’ तेवढा एक प्रश्न समासात पडला तरी निम्मी पोकळ वाक्ये आपोआप गळतात. शिक्षकांनी महिन्याला एकच निबंध घ्यावा आणि गुण दुसऱ्या खर्ड्याला द्यावेत. मोबाइलवर क्षणात तयार निबंध मिळत असताना हा खटाटोप कशाला, असेही विचारले जाते. ज्याला फक्त पानभर मजकूर हवा आहे त्याचे काम त्यात भागेल. ज्या मुलीला प्रश्न पाडून, माहिती तपासून, विरोधकाला उत्तर देऊन स्वतःचे मत ठरवायला शिकायचे आहे, तिच्या वतीने ते शिक्षण दुसरे कोणी घेऊ शकत नाही.

विषयांची तर इथे वाण नाही. उजनीच्या पाण्याखाली पळसदेवचे जुने गाव गेले. धरणाने कोणाला काय दिले आणि कोणाकडून काय घेतले? भिगवणला रोहित पक्षी पाहायला पर्यटक येतात. त्या पाण्यावर पहिला हक्क मच्छीमाराचा की पर्यटनाचा? एकाच तालुक्यात कालव्याकाठी ऊस आणि काही कोसांवर टँकर, हे निसर्गामुळे की निर्णयांमुळे? असे प्रश्न घेऊन मुले आजोबांना, पाटकऱ्याला, ग्रामपंचायतीच्या दप्तराला विचारत गेली तर निबंधाचा तास हा गाव समजून घेण्याचा तास होईल. आणि जो विद्यार्थी ‘हे कशावरून?’ हा प्रश्न स्वतःच्या वाक्याला विचारायला शिकतो, तो उद्या ग्रामसभेतल्या ठरावाला, कर्जाच्या कागदाला आणि निवडणुकीतल्या आश्वासनालाही तो विचारतो. चांगला निबंध शिकवायचा तो यासाठी.